तिसरं बटण

मोबाईलमध्ये बसून साऱ्या जगाला आवाज शिकवणारे महाशय, माझं घर तुम्ही फोडलंत! "एका डब्यावर दोन स्पीकर चालवणं हा अडाणीपणा. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र ॲम्प्लिफायर हवा." मार्गासनी गावच्या एका घरात तुमचं हे वाक्य ऐकलं गेलं आणि माझी रवानगी धान्याच्या कणगीवर झाली. माझा एक तरी सूर ऐकला होतात का?

मित्रांनो, तो अडाणी डबा म्हणजे मी. मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. गाण्याचा बारीक आवाज मोठा करून स्पीकरला पोचवायचा, एवढंच माझं काम. मला कंपनीने घडवलं नाही. भोरचे केशवराव कचेरीत कारकून होते, पण जीव सगळा रेडिओत. सागवानी फळ्या, पत्रा आणि सुटे भाग जमवून त्यांनी मला बांधलं आणि मार्गासनीला बाळाबाईच्या सोप्यात आणून ठेवलं.

बाळाबाई म्हणजे गौरीच्या गाण्यांतली पुढची बाई. गौराई कुठल्या वाटेनं आली, असं ती गाण्यातून विचारायची आणि मागच्या दहाजणी टाळ्या देत उत्तर सांगायच्या. केशवरावांनी ती गाणी कॅसेटवर घेतली. माईक दोनच. एक बाळाबाईपुढे ठेवला, एक बायकांपुढे. म्हणून त्या कॅसेटमध्ये बाळाबाई उजव्या स्पीकरमधून विचारते आणि बायका डाव्यातून उत्तर देतात.

पुढे बाळाबाईचा उजवा कान गेला. ती बसायची दाराशी, डाव्या स्पीकरजवळ, तांदूळ निवडत. एकदा म्हणाली, "केशवराव, बाया तेवढ्या गात्यात. मी कुठं हाय?"

केशवराव हसले नाहीत. त्यांनी माझं झाकण काढलं आणि मला तिसरं बटण बसवलं. ते दाबलं की दोन्हीकडचा आवाज एक होऊन दोन्ही स्पीकरमधून सारखा येतो. "बाळाबाई, आता कुठंही बसा. तुम्ही सापडाल." तिने त्या बटणाला कुंकवाचं बोट लावलं. ते दाबलेलं बटण वीस-बावीस वर्षं कुणी सोडलं नाही. केशवराव वारले, आणि ते कशासाठी होतं हेही बाळाबाई सोडली तर घरात कुणाला आठवेना.

मग यंदा बाळाबाईची नात आली, प्रेरणा. पुण्यात नोकरी करते. तिने तुमचं ऐकून दोन काळे ॲम्प्लिफायर आणले, कॅसेट मोबाईलमध्ये उतरवून घेतली. डाव्या स्पीकरला एक, उजव्याला एक. मी एकट्याने दोन्ही स्पीकरना ओढलं, आणि हे दोघे मिळून तेवढंच काम करतात, तरी लाड बघा! त्यांना पुसायला मऊ पिवळं फडकं. मला तीस वर्षांत नुसती फुंकर! ते तापले की बाळाबाईचा मुलगा धनाजी पंखा लावतो. मी तापलो की माझ्यावर मांजर बसायचं.

खोटं बोलत नाही, त्यांचा आवाज माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. टाळी न् टाळी सुटी ऐकू येते. म्हणून तर जळतो मी! पण ते दोघे एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. डाव्यातलं डावीकडे, उजव्यातलं उजवीकडे.

"आजी, बघ किती क्लिअर!" प्रेरणा म्हणाली.

"व्हय, बाया लई ग्वाड गात्यात. पन मी कुठं हाय?"

"हितंच की, आय! तांदूळ निवडतीयास न्हवं?" धनाजी म्हणाला, आणि सगळे हसले. ते मधोमध बसले होते, ती नेहमीसारखी दाराशी. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

बाळाबाईने चार दिवस तेच विचारलं. पाचव्या दिवशी धनाजी हळू आवाजात प्रेरणाला म्हणाला, "आयचं डोकं ठिकानावर न्हाई आता. भोरला डाक्टरला दाखवाय पायजे." हळू बोलला, पण बाळाबाईच्या डाव्या बाजूला उभा राहून बोलला. त्यानंतर तिने विचारणं बंद केलं.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. ती कणगीपाशी आली. माझ्या डोक्यावरची चाळण तिने खाली ठेवली, कुंकवाचा डाग शोधून आधीच दाबलेलं तिसरं बटण पुन्हा दाबून पाहिलं आणि डावा कान माझ्याजवळ आणला. मला वायर नाही, वीज नाही. मी काय बोलणार?

"तू बी सांगत न्हाईस व्हय," म्हणाली, आणि चाळण पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवून गेली.

मित्रांनो, जुनी वस्तू काढायची तर खुशाल काढा. पण तिचं एकेक बटण कुणासाठी होतं, तेवढं आधी विचारा.

आणि महाशय, तुम्ही. सोमवारी तिला भोरला नेणार आहेत. तिचं डोकं जागेवर आहे, हे त्या घरात फक्त मला माहीत आहे आणि मला तोंड नाही. तुम्हाला आहे. रोज नवा व्हिडिओ टाकता. बायका अजून डावीकडून उत्तर देताहेत. विचारणारी बाई तुम्ही कुठे घालवलीत? सोमवारच्या आत सांगा.