बियाण्याचा तुंबा

"नको होत्या तर माझ्या तोंडावर फेकायच्या ना! लपवल्यास कशाला?"

ओजाराने सुक्या भोपळ्याचा तुंबा पालथा धरला होता. पेरणी आली म्हणून आईने ज्वारीचं बियाणं काढायला सांगितलेलं. चटईवर ज्वारीबरोबर एक गाठोडं पडलं, आणि त्यातून पांढऱ्या गोळ्या घरंगळल्या. बियाण्याच्या तुंब्याला उपासमारीतही घरात कोणी हात लावत नाही, हे त्याच्या बहिणीला, लामवाकाला, पक्कं माहीत होतं.

ती भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजलेले. आडवं झालं की जीव गुदमरायचा तिचा.

"ओरड अजून. पार गुलू शहराच्या बाजारात ऐकू जाऊ दे."

"शाळा सोडली मी ह्या गोळ्यांच्या पैशापायी! गाढवासारखं पाणी वाहतोय सायकलवर. डॉक्टर काय म्हणाला? हृदयाची झडप नीट होणार नाही, पण गोळीने ठोके सावकाश पडतील, बिघाड लांबला तर लांबेल. आणि ही महाराणी..."

"एक दिवसाआड घेते मी."

"श्वास पण एक दिवसाआड घे मग!"

ती हसली. तेवढ्यानेच तिला धाप लागली. ओजारा मान खाली घालून ज्वारीतून गोळ्या वेचू लागला.

"नर्सने छाती तपासायची नळी माझ्या कानात घातली होती, आठवतं? माझ्याच छातीचा आवाज ऐकवलेला."

"मग?"

"सुपाने धान्य पाखडल्यासारखा. फस्स, फस्स. तू तापाने पडलास, गुडघे धरून रडत होतास ना, तेव्हा तुझ्या छातीला कान लावला मी. तोच आवाज."

त्याची बोटं थांबली.

"गप ए. माझी छाती बैलाची आहे."

"मग चढावर सायकलवरून उतरतोस कशाला?"

"साखळी निसटते."

"नवी टाकलीस ना परवा?"

त्याने वेचलेल्या गोळ्या गाठोड्यात भरल्या.

"आईला बोललीस?"

"माझ्या औषधापायी शेळ्या विकल्या तिने. आता तुझं कुठल्या तोंडाने सांगू?"

त्याने एक गोळी तिच्या हातावर आपटली. "गीळ. माझ्यासमोर."

तिने ती दातांनी मोडली. अर्धी जिभेवर ठेवली, अर्धी त्याच्यापुढे धरली. ती हात खाली घेईना.

बाहेर पाण्याचे डबे सायकलला टांगलेले होते.

"मला जायचंय आता," गोळीला हात न लावता ओजारा म्हणाला.