बिनगोलाईची अक्षरं

नालवाडीच्या मयुरीने घरी, नोकरीतून वेळ काढून एक फॉन्ट बनवला होता. त्यात गोलाई औषधालाही नव्हती. सगळ्या रेघा सरळ, सगळी वळणं कोनात मोडलेली. 'ठ' चक्क चौकोनी, 'ळ' म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण. पाटीवरचं नाव रस्त्यापलीकडून धाडकन नजरेत भरावं, एवढ्याचसाठी तो होता.

ज्या जाहिरात स्टुडिओत ती काम करायची, त्याच्या मालकाला, अभिरामला, तिने तो विश्वासाने दाखवला. पुढे पुण्याच्या एका स्पर्धेत त्याच अक्षरांना बक्षीस मिळालं, नाव अभिरामचं.

ती जाब विचारायला गेली. तो खुर्चीतून उठलाही नाही. "तुझं आडनाव लावलं असतं, तर मिळालं असतं का बक्षीस?"

ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. तिने नोकरी सोडली.

लवकरच कानावर आलं, की अभिरामने ती अक्षरं वर्ध्यातल्या एका बड्या ज्वेलर्सच्या शोरूमला दिली. अशी दुसऱ्या कोणाकडेच नाहीत, असं छातीठोक सांगून. मयुरीला घाव घालायची जागा सापडली. मूळ फाइल तिच्याकडे होतीच. तिने फॉन्ट इंटरनेटवर फुकट टाकला आणि स्वतः गिऱ्हाइकं शोधत निघाली.

पहिले भेटले प्रेमदासकाका. त्यांचा संडासाच्या टाक्या उपसायचा टँकर होता.

"दुरून दिसतीन का व हे?" त्यांनी विचारलं.

"पार सावंगी गावापासून दिसतीन, काका. मोठ्ठे लिहा."

मग उंदरांचं औषध विकणारा, मग मूळव्याधीचा दवाखाना. शोरूमसमोरच्या सिग्नलला ज्वेलर्सची पाटी आणि टँकर एकाच अक्षरांत शेजारी दिसले, की पोरं फोटो काढायची.

शेवटी अभिराम तिच्या दारात आला. "हे थांबव."

"अक्षरं तुमचे हायेत ना, सर? मंग करा तक्रार. कोर्टवाले पहिले कच्चे रेखाटनं मागतीन. हायेत तुमच्यापाशी?"

तो वरमला. "दोघांची नावं लावू. तुझं आधी."

काही महिन्यांपूर्वी ती एवढ्यावर हरखली असती. आता म्हणाली, "तुमच्या नावाशेजारी माहं नाव? नाई पाह्यजे मले," आणि दार लावून घेतलं.

ज्वेलर्सने अभिरामचं काम काढून घेतलं. पाटी उतरली त्या सकाळी मयुरी समोरच्या टपरीवर तर्री-पोहे खात उभी होती. कामगार एकेक अक्षर खाली घेत होते. एक हातातून निसटलं, फुटपाथवर आपटून त्याचे तुकडे झाले. कितीदा पुसून पुन्हा काढलं होतं तिने ते अक्षर.

पण ती हलली नाही. शेवटचं अक्षर उतरेपर्यंत बघत राहिली.

"दादा," तिने प्लेट पुढे केली, "तर्री टाका अजून. तिखट."