अकरा मिलिग्रॅम

तराजू दुरुस्त करणाऱ्याच्या घरात दोन मुलं होती आणि ती एकाच आईची असतील यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नसे. सोळा वर्षांच्या मुलीला धाकटा भाऊ ‘मोजपट्टी’ म्हणायचा. तिची पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, बोलणं मोजकं, आणि चूक शोधूनही सापडायची नाही. चौदा वर्षांचा भाऊ म्हणजे घरातला ‘भोंगा’. शाळेत तो सगळ्या विषयांत गटांगळ्या खायचा, पण बाबांच्या कार्यशाळेत पाय ठेवला की त्याला वेगळीच अक्कल सुचायची. हट्टाला पेटलेला काटा त्याच्या हाताखाली निमूट शून्यावर यायचा. या सुट्टीत बाबा त्याला रीतसर काम शिकवणार होते आणि ही गोष्ट त्याची अर्ध्या बाजाराला सांगून झाली होती.

सोमवारी वजनमापे खात्याच्या निरीक्षकबाई वार्षिक तपासणीला आल्या. बाबांकडे पितळी प्रमाण वजनांची एक पेटी होती. बाजारातले सगळे तराजू शेवटी त्या पेटीशी जुळवले जात, म्हणून ती वजनं बोटांनी उचलायची नाहीत, चिमट्याने नाही तर हातमोजे घालून उचलायची, असा घरचा कायदा होता. बाईंनी आपल्या वजनांशी एकेक ताडून पाहिलं. दोनशे ग्रॅमचं वजन अकरा मिलिग्रॅम कमी भरलं. मिठाचे काही कण, एवढाच फरक. पण बाई म्हणाल्या की वजन आपोआप घटत नाही; गुरुवारी चारच्या आत कारण लेखी द्या. कारण कळलं तर पेटी पुन्हा प्रमाणित करता येईल, नाही तर परवान्याचा विचार करावा लागेल.

बाई गेल्या तशी बाबांची नजर सरळ भोंग्याकडे वळली. मागच्याच महिन्यात तो वजनांचा मनोरा रचताना सापडला होता. एखादं पडलं होतं का, असं विचारल्यावर त्याने मान खाजवली. एक पडलं होतं, फरशीवर. कोणतं ते आठवत नव्हतं. बाबांना तेवढं पुरलं. कड उडाली असणार, ते म्हणाले, आणि कार्यशाळा त्याला बंद झाली. सुट्टीपुरती नव्हे, कायमची; वजन त्याच्या हातून पडलं, असंच पत्रातही लिहून द्यायचं ठरलं.

एरवी आकाशपाताळ एक करणारा भोंगा वाद घालेना. “असेल,” तो म्हणाला. “माझंच काहीतरी असेल.”

संध्याकाळी मोजपट्टीने भिंग आणि दिवा घेऊन ते वजन तपासायला काढलं. भावाला सोडवायचं असं तिच्या मनात नव्हतं. कड नेमकी कुठे उडाली ते पत्रात लिहिलं म्हणजे पत्र चोख होईल, एवढाच तिचा विचार. बाबांनी ते पाहिलंच नव्हतं. कारण ठाऊक असताना पुरावा कोण शोधतो? तिने वजन चिमट्यात धरून सावकाश फिरवलं. एक ओरखडा नाही, एक खळगा नाही. मग कोरलेल्या दोनाच्या आकड्यात तिला पांढरं काहीतरी दिसलं. टाचणीने उकरून तिने त्याचा वास घेतला.

पितळ उजळायची पेस्ट.

तीन आठवड्यांपूर्वी, बाबा बाहेर गेले असताना, त्या वजनावरचा काळा डाग तिच्या डोळ्यांत खुपला होता. कायदा पाळून तिने हातमोजे घातले होते आणि वीस मिनिटं ते घासलं होतं. बोट लावू नये हे सगळ्यांनी सांगितलं होतं. घासू नये हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण कोणी घासेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. फडकं काळं झालं तेव्हा, रसायनशास्त्रात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलीला, ते पितळ आहे हे सुचलं नाही. मळ निघाला, असं तिला वाटलं होतं.

मंगळवारी तिने स्वतःला समजावलं की आधी खात्री करायला हवी. बाद झालेलं एक पितळी वजन घेऊन तिने वीस मिनिटं घासलं, आधी आणि नंतर तोललं. नऊ मिलिग्रॅम कमी. बुधवारी पुन्हा केलं. बारा. दोनदा पडताळून झालं तरी आणखी एकदा पडताळावंसं वाटत होतं. प्रयोगाच्या आडून आपण दिवस काढतो आहोत हे तिला कळत होतं, आणि कळूनही ती तिसरं वजन शोधत होती.

बुधवारी रात्री जेवताना भोंग्याने खालच्या मानेने विचारलं, “ताई, तुझ्याकडे भिंग आहे ना? किती उडालंय गं ते?”

“नीट पाहिलं नाही,” ती म्हणाली.

गुरुवारी अडीचला बाबांनी पत्र लिहून संपवलं आणि सही करायला भोंग्याला बोलावलं. त्याने पत्र वाचलंच नाही. पेन उचललं, टोपण काढलं.

“बाबा, ते पडल्यामुळे नाही,” मोजपट्टी म्हणाली.

तिने सगळं सांगितलं, क्रमाने, दोन प्रयोगांच्या आकड्यांसकट. बाबांनी भिंग मागून घेतलं आणि तो दोनाचा आकडा नीट पाहिला.

“हातमोजे घातले होतेस?”

“हो.”

ते हसतील असं क्षणभर वाटलं, पण हसले नाहीत. लिहिलेला कागद त्यांनी फाडला आणि कोरा घेतला. भोंग्याला म्हणाले, कार्यशाळेत जाऊन बस, तुझ्याबाबतीत मी घाई केली.

भोंगा हलला नाही. टोपण अजून त्याच्या हातात होतं. “तुला कधी कळलं?”

ती खोटं बोलू शकली असती. आज सकाळी, असं. “सोमवारी,” ती म्हणाली. “संध्याकाळी.”

“म्हणजे काल मी विचारलं तेव्हा…”

“माहीत होतं.”

त्याने मान डोलावली, टोपण पेनाला लावलं, पेन बाबांपुढे ठेवलं आणि कार्यशाळेत गेला. इतक्या हलक्या पावलांनी तो चालू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं.

चार वाजता निरीक्षकबाई आल्या. पत्र मोजपट्टीच्या अक्षरात आणि तिच्या सहीचं होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं. अशी चूक पहिल्यांदाच पाहते आहे, म्हणाल्या, आणि पेटी दुरुस्तीला पाठवायचा अर्ज भरायला घेतला. कारण कळल्याची तारीख कोणती घालू, त्यांनी विचारलं. आजची?

दाराआड भोंगा एका तराजूचा काटा लावत बसला होता. आवाज तिथे सहज पोचत होता.

“सोमवारची घाला,” ती म्हणाली.

आतला खुटखुट आवाज थांबला. बाईंनी तारीख लिहिली, शाई वाळायची वाट पाहिली, कागद मिटला. मग आतलं काम पुन्हा सुरू झालं. त्याने काही तिला आत बोलावलं नाही, आणि ती आत गेली नाही.