चार पावलं पुढे

हंबीररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बायकोकडे पाठ करून ते स्टुलावर ताठ बसले. मधे दोरीवर चादर टांगलेली, पलीकडच्या स्टुलावर शालूबाई. एकमेकांकडे न बघता आपल्या माणसाचा चेहरा तोंडी सांगायचा आणि समोरच्या मुलीनं तो ऐकून कागदावर उतरवायचा, असा तो खेळ.

पुण्यातल्या या बागेत मे महिनाभर चित्रांचं प्रदर्शन होतं. झाडांना दोऱ्या बांधून चित्रं लावलेली, कोपऱ्यात कुणीतरी बासरी वाजवत होतं, आणि सगळं फुकट. रहिमतपूरहून लेकाकडे, जयराजकडे, चार दिवस राहायला आलेल्या दोघांना सून रेश्मा इथं घेऊन आली होती. हंबीरराव सवयीनं बागेतही चार पावलं पुढे चालत आले, शालूबाई मागून. खेळायला मात्र आधी त्याच तयार झाल्या.

"सांगा काका," चित्र काढणारी स्वानंदी म्हणाली, "काकूंचं नाक कसंय?"

"नाक... बरं हाय."

"म्हणजे सरळ की बसकं?"

हंबीररावांनी हातातली टोपी फिरवली. "सरळच धरा."

"आणि डोळे?"

"डोळं चांगलं हायत. अजून चष्म्याबिगर सुई ओवती."

भोवतीची माणसं हसली. हंबीररावांनाही हसायचं होतं, जमलं नाही. फौजेतली चोवीस वर्षं. पहिल्या बंदुकीचा नंबर अजून पाठ होता. चौकीसमोरच्या डोंगराची कड त्यांनी डोळे मिटून काढून दिली असती. आता डोळे मिटले तर हिरवा पदर दिसला, भाकरी थापणारे हात दिसले, एसटी हलल्यावर स्टँडवर लहान होत गेलेली एक बाई दिसली. चेहऱ्याच्या जागी काही येईना.

"तीळ, व्रण, एखादी खूण?"

निदान एक उत्तर तरी ठणकावून द्यावं, म्हणून ते म्हणाले, "न्हाई. खूण कसली न्हाई तिला."

चादरीपलीकडे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

मग शालूबाईंची पाळी आली. त्या हळू आवाजात सांगत गेल्या आणि स्वानंदीचा हात थांबेना. डावी भुवई मधेच तुटलेली. उजवा कान डाव्याहून जरा लहान. दाढी करताना हनुवटीखाली चार केस कायम राहणार. आणि खोटं बोलताना वरचा ओठ आत जातो, तेवढा नका काढू. लोक पुन्हा हसले. हंबीररावांनी ओठ सावकाश बाहेर घेतला.

चादर बाजूला झाली. एका कागदावर हंबीरराव, जसेच्या तसे. दुसऱ्यावर एक बाई. कुंकू, पदर, सरळ नाक. एसटीत शेजारच्या सीटवर बसलेली कुठलीही.

"मामा, आत्तींचा व्रण राहिला की," रेश्मा सहज बोलून गेली. सासूच्या डोक्याला तेल लावणारी तीच.

शालूबाईंचा पदर वाऱ्यानं मागे सरकला होता. उजव्या भुवईच्या वरून केसांत शिरलेली पांढरी रेघ, अंगठ्याएवढी.

"हे कवाचं?"

"जयराज रांगत व्हता तवाचं. म्हशीनं शिंग मारलं. सात टाकं पडलं."

"मला कळवायचं न्हाईस व्हय?"

"कळवलं व्हतं की. भावजींच्याकडनं पत्र लिवून घेतलं." त्यांनी पदर पुढे ओढला. आवाजात राग नव्हता. "तुमी उलटटपाली इचारलंत, म्हस दूध देती का आटली."

म्हैस हंबीररावांना आठवली. लगेच. मागे वळलेली शिंगं, कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांद.

स्वानंदी चित्र दुरुस्त करून देते म्हणाली, पण शालूबाईंनी ते गुंडाळूनही टाकलं होतं.

"ऱ्हाऊ दे, बाळ. नाक सरळ हाय म्हणून आजवर कुणी म्हणलं नव्हतं."

परत निघताना रेश्मा रिक्षा बघायला पुढे गेली. शालूबाई बरोबरीला याव्यात म्हणून हंबीररावांनी चाल कमी केली. मागची पावलंही हळू झाली. त्यांनी आणखी कमी केली, शालूबाईंनीही केली. शेवटी ते थांबले, तर चार पावलं मागे बांगड्या थांबल्या.

"काय झालं? दमला व्हय?"

हंबीरराव वळले आणि ती चार पावलं मागे गेले. पदर पुन्हा सरकला होता. ते शालूबाईंच्या कपाळाकडे बघत उभे राहिले.

"आवं, चला की. लोक बघत्यात," शालूबाई म्हणाल्या. पदर मात्र त्यांनी पुढे ओढला नाही.