काचेतली नखं

ताईच्या पत्राला म्हाताऱ्याने उत्तर दिलं नव्हतं. पत्र उशीखाली होतं आणि झोप उडाली होती.

'प्रार्थनागृहात जपलेल्या संताच्या पवित्र हाताची नखं वाढताहेत. आता तोच मला बरं करील, म्हणून मी हृदयाच्या गोळ्या बंद केल्यात. तू जन्मभर संग्रहालयात मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरलास, तुला कळतं. येऊन बघ. खोटं असेल तर लिहून कळव, गोळ्या सुरू करीन. तोंडी नको. तोंडी तू कुणालाही हो म्हणतोस.'

उत्तर त्याला घरबसल्या ठाऊक होतं. पण ताई राहायची प्रार्थनागृहाच्या वसतिगृहात, आणि तिथे आलेलं प्रत्येक पत्र व्यवस्थापक जेवताना सगळ्यांदेखत वाचून दाखवायचा. मागे एका शिंप्याने त्या हाताबद्दल शंका काढली, तर लोकांनी त्याचं दुकान फोडलं होतं. शिवाय आपलंच चुकत असलं तर? ही धाकधूक वेगळीच.

शेवटी म्हातारा प्रार्थनागृहात जाऊन पोचला. काचेच्या पेटीत काळपट हात, नखं खरंच लांब. मग वाकून पाहिलं, तर बोटांची टोकं सुकून मागे सरकलेली. कोल्ह्याच्या पंजात हेच त्याने किती वेळा पाहिलं होतं.

"काय रे घुबडा, पटलं ना?" ताई शेजारी येऊन उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"ताई, तू आधी बस बघू."

"बसते. वाढलीत की नाही, ते सांग."

व्यवस्थापक मागेच होता. "सांगा की, आजोबा. सगळे ऐकताहेत."

"हो," म्हातारा म्हणाला.

"हे झालं तोंडी," ताई हसली आणि तिने काचेवर हात टेकला. तिची नखं निळी पडली होती.

तो तडक पोस्टात गेला. पाकिटं संपली होती, उघडं कार्ड तेवढं मिळालं. "गावातलं टपाल आजच संध्याकाळी जेवणाआधी पोचतं," कारकून म्हणाला. तरी त्याने लिहिलं, 'ताई, नखं वाढत नाहीत, कातडी आक्रसते. आजच डॉक्टरकडे जा. गोळ्या घे.' खाली स्वतःचं नाव, पत्ता.

कार्ड पेटीत पडलं. लगेच त्याने फटीत बोटं घालून चाचपलं, पण ते हाताला लागलं नाही.