क्षमावाणीची साक्ष

माझा भाऊ कुंथुनाथ लहानपणी द्वाड होता, हे मी नाकारत नाही. शाळेत त्यानं दोन पोरांची डोकी फोडली, मास्तरांची छत्री विहिरीत टाकली. शेजारच्या गुंडाप्पांच्या परड्यातले पेरू तर दरवर्षी त्याच्याच पोटात जायचे. प्रत्येक वेळी आमची आई, राजमती, त्या त्या दारात जाऊन "पोरगं चुकलं, पदरात घ्या" म्हणून यायची. त्यामुळं चिकोडीत कुणाची सुई हरवली तरी लोक आधी आमच्या घराकडं बघायचे.

पुढं तो सुधारला. निपाणीत तंबाखूच्या वखारीत लागला, आठवड्याला घरी यायचा, मुकाट जेवायचा. पण लोकांच्या डोक्यातला कुंथू दहा वर्षांचाच राहिला, याचा मला अजून संताप येतो.

एका भादव्यात गुंडाप्पांच्या घरातून चांदीचा तांब्या गेला. कुंथू त्या दिवशी गावात होता, एवढाच त्याचा गुन्हा. चार दिवसांनी पर्युषण पर्व संपून क्षमावाणी आली. वर्षभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची माफी आम्ही जैन त्या दिवशी घरोघर जाऊन मागतो. आईही गेली. गुंडाप्पांपुढं हात जोडून म्हणाली, "आण्णा, माझं न माझ्या पोराचं काय चुकलं असंल तर क्षमा करा." तेही जैनच, त्यांनीही रीतीप्रमाणं हात जोडले. आणि दुसऱ्या दिवशी फौजदाराला जाऊन सांगितलं, की पोराच्या आईनंच कबुली दिली.

खटला मामलेदारांपुढं चालला. ते परमुलखातले, त्यांना क्षमावाणी कुठली ठाऊक? आमच्या वकिलांनी आईला पढवून ठेवलं होतं, की मी गेलेच नाही म्हणून सांगा. पण आई खोटं बोलणारी नव्हे.

"व्हय, गेलते," ती म्हणाली.

"माफी कशाची मागितली?" मामलेदारांनी विचारलं.

"सगळ्याचीच, साहेब."

मला राहवेना. मी उठून म्हणाले, "गुंडाप्पाआण्णांनीबी त्या दिवशी हात जोडलते. त्यांनी काय चोरलंतं ते इचारा की." मामलेदारांनी मला दटावून खाली बसवलं. गुंडाप्पा जमिनीकडं बघत राहिले. ही क्षमावाणीची रीतच आहे, एवढं ते बोलले असते तर निकाल फिरला असता.

सहा महिन्यांची सजा झाली. हिंडलग्याच्या तुरुंगात नेण्याआधी शिपायांनी कुंथूला कचेरीच्या आवारात घटकाभर थांबू दिलं. हातात बेड्या होत्या. तो आईला म्हणाला, "बाकीच्यांचं जाऊ दे. तांब्या मी घेतला न्हाय, हे तुला तरी ठाऊक हाय न्हवं?"

"तू घेतला न्हाईस?" आईनं विचारलं.

कुंथूनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तांब्या गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी त्याची पेटी उचकून बघितली होती. आत दोन सदऱ्यांखेरीज काही नव्हतं, आणि तरीही माझी खात्री पटली नव्हती.