बोटावरचा गूळ

जोतीरामानं पळीभर पाक थंड पाण्यात सोडला, आत हात घालून त्याची गोळी वळली आणि पाक कितपत आलाय ते कळावं म्हणून डोळे मिटून ती अंगठ्याखाली फिरवली. उसाचा रस आटवणाऱ्या मोठ्या कढईची, काहिलीची वाफ गुऱ्हाळाच्या छपरापर्यंत चढली होती. तिच्यातून सकाळचं ऊन खाली येता येता पिवळं पडत होतं. या वाफेत उभं राहिलं की त्याच्यातला बासष्टीचा गुळव्या कुठंतरी विरघळून जाई. उरे नुसता वास, पाकाची बुडबुड आणि तरंगत असल्यासारखं हलकेपण.

तरंगल्यासारखं वाटायला आणखी एक कारण होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं. साखरेच्या आजारानं त्याचे तळपाय बधिर झाले होते. कोल्हापुरातल्या दवाखान्यात आहार सांगणारी इरावती मागच्या महिन्यात स्पष्टच बोलली होती.

"काका, चटका लागला तरी कळत नाही तुम्हाला. संक्रांतीपर्यंत साखर उतरली नाही, तर डॉक्टर काहिलीपाशी उभं राहू देणार नाहीत."

तिनं एक वही दिली होती. तोंडात जाईल तो प्रत्येक घास तिच्यात लिहायचा. ताटात रंग हवेत, रंगीत भाज्याफळांत अँटिऑक्सिडंट असतात, उतारवयात शरीराला तेवढाच आधार, असं तिचं म्हणणं. जोतीरामाच्या बायकोनं, शालूबाईनं, हे इतकं मनावर घेतलं की घरात रंगपंचमीच सुरू झाली. तांबडा माठ, गाजर, ओली हळद, शेवग्याचा पाला आणि रोज सकाळी एक आवळा. पांढरा भात बिचारा पाहुण्यासारखा कधीतरी येई. जोतीराम सगळं मुकाट खाई आणि इमानानं वहीत लिही. साखर मात्र जागची हलेना.

"वहीत राहून गेलेलं काही?" इरावतीनं विचारलं, तेव्हा तो दुखावला होता.

"गुळाचा खडासुदीक तोंडात घातला न्हाय, बाई. आईची आण."

आणि त्याच्यापुरतं ते खरंच होतं.

आज शालूबाई भाकरी घेऊन गुऱ्हाळावर आली होती. खांबाला टेकून ती बघत राहिली. कित्येक वर्षांत तिनं नवऱ्याला काम करताना पाहिलं नव्हतं. वाफेत तो तिला पुन्हा तरणा दिसला.

"उतरवा!" जोतीराम ओरडला. गडी काहिलीच्या कड्यांना भिडले. आणि त्याचं पाकानं माखलेलं बोट सवयीनं तोंडाकडं निघालं.

शालूबाईनं पुढं होऊन मनगट धरलं.

"ह्ये काय?"

"चव बघतोय की. कामच हाय माझं."

"वहीत लिवलंय कवा?"

"चाखणं म्हंजे खाणं व्हय गं?"

"दिसाला किती काहिली उतरवतासा?"

"पाच-सा."

तिनं मनगट सोडलं नाही. पाक ओतणाऱ्या गड्यांकडं बघत ती म्हणाली, "आन 'उतरवा' म्हणून तर आदीच वरडलासा. मग आता चव कशाची बघताय?"

जोतीरामानं आपल्या बोटाकडं बघितलं. आजच नव्हे, रोजचंच होतं हे. चाळीस वर्षं तो जिभेला विचारत आला होता, आणि गोळी वळणाऱ्या हातानं उत्तर आधीच देऊन टाकलेलं असायचं. त्याला स्वतःचंच हसू आलं. मग फार वाईट वाटलं.

"गोड लागतं म्हणून," तो हळूच म्हणाला. "तेवढंच गं."

शालूबाईनं ते बोट पदरानं पुसलं आणि पिशवीतला आवळा त्याच्या हातावर ठेवला. सकाळी जोतीराम तो घरीच विसरून आला होता. आवळा चावताना त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. तिनं तांब्या पुढं केला. पाणी घशाखाली उतरलं आणि तो थबकला. आवळ्यावरचं पाणी गोड लागतं हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, पण कधी घाईविना पिऊन बघितलं नव्हतं.

"वही आणलीयास?"

तिनं दिली. आजच्या तारखेखाली त्यानं आवळा लिहिला. मग मागं, पार पहिल्या पानावर गेला आणि एकेका दिवसाच्या तळाशी लिहू लागला: गूळ, बोटानं. सगळी पानं होईपर्यंत पुढची काहील चढली होती.

शालूबाई घरी गेली नाही. गोळी वळून झाली, "उतरवा" म्हणून झालं, आणि जोतीरामानं ती गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

"तू बघ."

तिनं डोळे मिटून चाखली. तो तांब्यातलं उरलेलं पाणी पीत तिच्याकडं बघत राहिला.